दोन टोकांच्या दोन सायकली

माझ्याकडे दोन सायकली आहेत आणि त्या दोघींची आजवर गाठ पडलेली नाही. एक सेलूला राहते, दुसरी वर्ध्याला. मधे अठरा-वीस किलोमीटरचा रस्ता, पवनारची धाम नदी, आणि रोज सकाळी मला इकडच्या सायकलीवरून उतरवून घेऊन तिकडच्या सायकलीपाशी सोडणारी एस.टी. सेलूची सायकल बाबांची. बावीस इंची, काळी. तिच्या दांडीवर हिरवी रेघ होती, ती आता फक्त मलाच दिसते. वर्ध्याची मात्र लेडीज सायकल. कचेरीतल्या एक बाई बदली होऊन गेल्या, जाताना ‘कोणाला तरी देऊन टाका’ म्हणाल्या, आणि तो कोणीतरी मीच झालो. मिशीवाल्या माणसानं बिनदांडीची सायकल चालवली तर वर्ध्यात कोणी मान वळवून बघत नाही. सेलूत मात्र पानठेल्यावरच्या मंडळींना आठवडाभराचा विषय मिळाला असता. तेव्हा ती तिकडेच बरी.

आमचं घर घोराडच्या बाजूला. घोराड म्हणजे संत केजाजी महाराजांचं गाव, इकडच्या लोकांची प्रतिपंढरी. कार्तिकात पहाटे काकड्याचा आवाज इतका स्वच्छ येतो, की टाळ आपल्याच अंगणात वाजतो आहे असं वाटतं. त्या महिन्यात सायकलवर बसायला मजा असते. अंगात स्वेटर, कानाला मफलर, हँडल गार, आणि दोन्ही बाजूंना फुटलेला कापूस. वेचणीला निघालेल्या बाया घोळक्यानं चाललेल्या असतात; त्यांना घंटी वाजवून बाजूला करायचं धाडस मी करत नाही, कारण मग त्या सगळ्या मिळून जे बोलतात ते स्टँडपर्यंत पाठलाग करतं. हा पट्टा एकेकाळी केळीसाठी नावाजलेला होता. बाबा सांगायचे, रस्त्यानं जाताना केळीच्या पानांचा ओलावा अंगाला लागायचा. आता कापूस, तूर, सोयाबीन आणि मधेच एखादी चुकार केळीची बाग.

उन्हाळ्यात सगळं बदलतं. आमच्याकडे मे महिन्यात सकाळी आठलाच ऊन डोक्यावर येतं आणि दुपारी पारा पंचेचाळीसच्या घरात. डोक्याला पांढरा दुपट्टा बांधायचा, खिशात कांदा ठेवायचा की नाही यावर घरात दरवर्षी एकदा वाद घालायचा, आणि निघायचं. जाताना काही वाटत नाही. येताना साडेसहालाही हवा भट्टीतून आल्यासारखी, आणि सायकल उन्हात राहिली असेल तर सीटवर ओला फडका मारल्याशिवाय बसता येत नाही. म्हणून सायकल स्टँडवर पत्र्याखालची जागा मिळावी यासाठी लोक दहा मिनिटं लवकर येतात. बसच्या खिडकीच्या जागेसाठी इतकी धडपड कोणी करत नाही.

पण या रस्त्याची खरी परीक्षा पावसाळ्यात. आमची माती काळी, कपाशीची. कोरडी असते तेव्हा तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि ओली झाली की हाती लागेल ते ती धरून ठेवते. घरापासून डांबरी रस्त्यापर्यंत एक कच्चा तुकडा आहे. दोन सरी पडून गेलेल्या असल्या की त्या तुकड्यावर चाक पाच-सहा फेरे घेतं, प्रत्येक फेऱ्याला एक थर चढतो, टायर दुपटीनं जाड दिसायला लागतं आणि मग मडगार्डच्या आत माती गच्च बसते. चाक फिरायचं थांबतं आणि घसटत जातं. उतरायचं. पऱ्हाटीची काडी घेतली तर ती मोडते, तुराटी टिकते. ती मडगार्ड आणि टायर यांच्यामधे खुपसायची, आणि सायकल पुढे न ढकलता मागे ओढायची. मागे ओढली की मातीची अख्खी पट्टी सुटून खाली पडते, तिच्यावर टायरची नक्षी जशीच्या तशी. पुढे ढकलली तर ती पट्टी वरच्या कमानीत आणखी घट्ट होऊन बसते. हे मला कोणी शिकवलेलं नाही, पण इकडच्या प्रत्येकाला येतं. पावसाळाभर माझ्या कॅरेजला एक तुराटी अडकवलेली असते. शेतावर जाणारे शहाणे लोक जूनमधे पुढचं मडगार्डच काढून ठेवतात. मग चिखल टायरवरून थेट शर्टावर येतो. त्यांना चालतं, त्यांना दहा वाजता टेबलामागे बसायचं नसतं.

कोणी विचारतं, एवढीच हौस आहे तर सरळ वर्ध्यापर्यंत सायकलनंच का जात नाही? जाणारे आहेत. दूधवाले जातात, रविवारी हेल्मेट घालून तरुण पोरं जातात. पण चौपदरी रस्त्यावर कोळशाच्या आणि सिमेंटच्या ट्रकांशेजारून तासभर पायडल मारून कचेरीत पोहोचलेला माणूस निम्मा दिवस पंख्याखाली घालवतो. आणि सगळा रस्ता बसनंच का नाही, तर बस घोराडच्या बाजूला माझ्या दारात येत नाही, आणि वर्ध्यात माझ्या कचेरीच्या दारात थांबत नाही. ती तिच्या वाटेनं जाते. तिच्या वाटेपर्यंत आपण जायचं, आणि तिची वाट संपली की पुढचं आपलं आपण बघायचं.

याचं एक साधं गणित आहे आणि ते मला फार आवडतं. चालत पंधरा मिनिटांत माणूस सव्वा किलोमीटर जातो. तेवढ्याच वेळात, कपाळाला घाम न येऊ देता, सायकलवर चार किलोमीटर होतात. म्हणजे स्टँडभोवती काढलेल्या वर्तुळाची त्रिज्या तिप्पट झाली. आणि त्रिज्या तिप्पट झाली की क्षेत्रफळ नऊपट होतं, हे आठवीच्या भूमितीत सगळ्यांनी घोकलेलं असतं. एकही नवीन बस न सोडता, डिझेलचा एक थेंब न वाढवता, तीच बस नऊपट जमिनीवरच्या माणसांची होते. पायी येणाऱ्याची बस फक्त सेलू गावाची. सायकल आली की ती घोराडची होते आणि आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांचीही होते. हिंगणीच्या बाजूचा एक मुलगा तर याही वर्तुळाच्या बाहेरून येतो. तिकडे बोरचं जंगल, २०१४ पासून व्याघ्र प्रकल्प. थंडीत अंधारात निघतो तेव्हा तो सेलू येईपर्यंत घंटी वाजवतच येतो. वाघासाठी नाही, तो म्हणतो, वाघ शहाणा असतो. रोही आणि रानडुकरं ऐन वेळी रस्ता ओलांडतात.

या सगळ्यांची गाठ पडते ती सेलूच्या सायकल स्टँडवर. पत्र्याचं छप्पर, एका बाजूला तारेचं कुंपण, आणि दारात खुर्ची टाकून बसलेले काका. त्यांचं नाव मला माहीत आहे, पण सगळे काकाच म्हणतात. महिन्याच्या गिऱ्हाइकाला बिल्ला लागत नाही. एक दिवसाच्या माणसाला ते पुठ्ठ्याचा तुकडा देतात. पुठ्ठ्याच्या दोन अर्ध्यांवर एकच आकडा, एक अर्धा गिऱ्हाइकाच्या खिशात आणि दुसरा सायकलच्या हँडलला दोऱ्यानं बांधलेला. संध्याकाळी दोन्ही तुकडे ते जुळवून बघतात. आकड्याकडे त्यांचं लक्ष नसतं, पुठ्ठा कसा फाटला आहे ती कड जुळते का ते पाहतात. आकडा कोणीही लिहील, कड कशी लिहील?

सायकल लावायची त्यांची एक पद्धत आहे. तिच्या स्वतःच्या स्टँडवर उभी करत नाहीत. सीटखाली एक हात आणि हँडलच्या मधे दुसरा, असं उचलून ते पहिल्या सायकलीला दुसरी किंचित तिरकी टेकवतात, अशी की पायडल शेजारणीच्या तारांत जात नाही. शंभरेक सायकली त्या जागेत राहतात. त्यातली कोणती आधी निघणार आहे ते त्यांना ठाऊक असतं, म्हणून पाचच्या बसनं येणाऱ्याची सायकल कधी सातवाल्याच्या मागे सापडत नाही. घाईत आलेल्या माणसाला ते हातानंच खूण करतात, की टाक तिथं आणि पळ. ‘का जी, आज गाडी सुटते का काय तुमची?’ एवढंच म्हणतात. मी पळत बस पकडतो आणि माझ्या मागे ते सायकल उचलून जागी लावतात, हे मला न बघताही कळतं.

सायकल स्टँड म्हणजे एक हजेरीपटच आहे. कोण आलं नाही, कोण परत आलं नाही, ते काकांना पहिल्यांदा कळतं. रात्री शेवटची बस येऊन गेली तरी एखादी सायकल उभीच राहिली, तर ते तिला आत ओढून घेतात आणि दुसऱ्या दिवशी येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारतात. एकदा एका मास्तरांची सायकल तीन रात्री राहिली. ‘सावंगीले भरती केलं असन कोणाले तरी,’ काका म्हणाले. सावंगी नाहीतर सेवाग्राम, मोठ्या दवाखान्यांची आमची दोनच नावं. निघालं तसंच, मास्तरांच्या वडिलांना नेलं होतं. मास्तर चौथ्या दिवशी आले तेव्हा काकांनी हवा भरून ठेवली होती, आणि तीन दिवसांचे पैसे मोजायला लागल्यावर त्यांनी मास्तरांकडे अशी नजर टाकली, की मास्तरांनी पाकीट परत खिशात घातलं.

बसमधल्या अर्ध्या-पाऊण तासात माझं असं काहीच काम नसतं, आणि तोच माझ्या दिवसातला सगळ्यात भरलेला वेळ आहे. सायकलवर असताना मी चालक, गतीही माझी आणि वाटही माझी. बसमधे बसलं की हे सगळं दुसऱ्याच्या हवाली. ही सुपूर्दगी मला मनापासून आवडते. खिडकीला डोकं टेकवायचं आणि वाहकाच्या तिकिटाच्या यंत्राची चर्र ऐकायची. मार्च २०२३ पासून बायांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून बसमधली बोलणी बदलली आहेत. पूर्वी भाव, बदल्या आणि निवडणुका यांवर गाडी अडकलेली असायची. आता मागच्या सीटवरून पुढच्या सीटवर एखादी पाककृती जाते, आणि तिच्यात मधल्या सीटवरची बाई दुरुस्ती सुचवते. काकांच्या स्टँडवर लेडीज सायकली वाढल्या आहेत, हेही त्याच बरोबरीनं झालं.

पवनार येतं तेव्हा बहुतेक लोक खिडकीबाहेर बघतात, सवयीनं. पुलावरून धाम दिसते, आणि काठाच्या टेकडीवर विनोबांचा परंधाम आश्रम. १९५१ साली भूदानासाठी निघालेला हा माणूस तेरा वर्षं देशभर पायी हिंडून १९६४ मधे इथं परत आला. तिकडे डाव्या अंगाला काही किलोमीटरांवर सेवाग्राम. रेल्वेबद्दल १९०९ मधे ‘हिंद स्वराज्य’मधे इतकं कडू लिहिणारे गांधी आयुष्यभर त्याच रेल्वेच्या तिसऱ्या वर्गातून फिरले, त्या वर्गाच्या हालांवर १९१७ मधे त्यांनी एक पुस्तिकाही लिहिली, आणि १९३६ मधे राहायला आले ते वर्धा स्टेशनपासून आठ किलोमीटरवरच्या, धड रस्ताही नसलेल्या खेड्यात. देशभरातले पुढारी लांबलांबून रेल्वेनं वर्ध्यापर्यंत झटकन येत आणि पुढचे आठ किलोमीटर त्यांचा कस लागे. वर्धा जिल्ह्यात वेगाबद्दल बोलायचं तर जरा जपूनच बोलावं लागतं. मला मात्र या दोघांची आठवण वेगळ्या कारणानं येते. आगगाडी कुठे संपते आणि आपले पाय कुठे सुरू होतात, हा प्रश्न या मातीत आधीपासून पडलेला आहे.

वर्ध्यात बसस्थानकामागे माझी एक लांबची आत्या राहते. तिच्या अंगणात सीताफळाच्या झाडाला ती लेडीज सायकल साखळीनं बांधलेली असते. आत जाऊन एक कप चहा पिल्याशिवाय सायकल सोडवता येत नाही, हा आत्याबाईंचा नियम. चहात साखर किती हे ती विचारत नाही. तिथून बजाज चौकाच्या गर्दीतून सिव्हिल लाइन्सकडे दहा मिनिटं. या दहा मिनिटांत रिक्षा, हातगाड्या, शाळेच्या व्हॅन आणि उलट्या बाजूनं येणारे मोटारसायकलवाले, सगळे एका रस्त्यावर. पण लेडीज सायकलला एक सोय आहे; पाय न उचलता पटकन खाली टेकवता येतो. वर्ध्याच्या चौकात ही सोय लाखमोलाची.

परतताना महिन्याच्या पहिल्या आठवड्यात गोरसपाक बिस्किटांचा पुडा घेतो. तो कॅरेजला लावत नाही, चुरा होतो. मांडीवर ठेवून बसमधून आणतो आणि सेलूत उतरल्यावर पिशवी हँडलला अडकवतो.

कधी कधी मी आगगाडीनं जातो. सेलूचं रेल्वे स्टेशन गावात नाही; स्टेशनच्या नावातच ‘रोड’ आहे, तेव्हा पुढचं समजून घ्यावं. मुंबईहून निघालेली जीआयपी रेल्वे १८६७ मधे नागपूरला पोहोचली, ती भुसावळ, बडनेरा, वर्धा करत सिंदी, बुटीबोरीवरून गेली आणि सेलूला हात दाखवून बाजूनं निघून गेली. त्यामुळे स्टेशनवर जायचं तर सायकल हवीच. स्टेशन लहान, फलाटावर दोन-चार झाडं, सामान ठेवलेला बाक आणि त्यावर बसायला जागा नाही म्हणून उभी असलेली माणसं. पॅसेंजर आली की चढायचं. एक्सप्रेस गाड्या मात्र अशा सुटतात, की फलाटावरच्या कागदाचे कपटे त्यांच्यामागे थोडं अंतर धावून खाली बसतात. करोनाच्या वेळी मार्च २०२० मधे पॅसेंजर बंद झाल्या. पुढे सुरू झाल्या त्या एक्सप्रेसच्या भाड्यानं. दहा रुपयांचं किमान तिकीट तीस झालं, आणि ते पुन्हा दहावर यायला २०२४ चा फेब्रुवारी उजाडला. बसवाल्याला हा आकडा लहान वाटेल. मजुरीला जाणाऱ्याला रोजचे जाऊन-येऊन चाळीस रुपये जास्त म्हणजे काय, ते त्यालाच विचारावं. त्या काळात रेल्वेची गिऱ्हाइकं आमच्या बसमधे आली, नाहीतर मोटारसायकलवर गेली. मोटारसायकलवर गेलेली परत आली नाहीत.

इथं मला एक गोष्ट ठासून सांगायची आहे. आमच्याकडे लोकांनी मोटारसायकली घेतल्या त्या वर्ध्याच्या अठरा किलोमीटरांसाठी नाहीत. घेतल्या त्या पहिल्या तीन किलोमीटरांसाठी. घर ते फाटा, शेत ते फाटा, शिकवणी ते फाटा, रात्री उतरल्यावर फाट्यावरून घर. त्या तीन किलोमीटरांचं काही केलं नाही, म्हणून हप्ता काढून गाडी आली. आणि एकदा दारात गाडी आली, टाकीत पेट्रोल असलं, की माणूस फाट्यावर गाडी लावून बसची वाट कशाला बघेल? तो तसाच वर्ध्याला जातो. बस रिकामी धावते, रिकामी धावते म्हणून एक फेरी कमी होते, फेरी कमी झाली म्हणून आणखी चार जण गाडी घेतात. दोष बसच्या वेगाचा नव्हताच, तिच्या टोकांचा होता. सरकारी आराखड्यांत टोकं नसतात. तिथं रस्त्याची रुंदी असते, ताशी वेग असतो आणि कोटींचे आकडे असतात.

समृद्धी महामार्ग आमच्या तालुक्यातूनच गेला. डिसेंबर २०२२ मधे नागपूर ते शिर्डी सुरू झाला, मुंबईपर्यंतचे ७०१ किलोमीटर २०२५ मधे पुरे झाले. त्यावर सायकल, मोटारसायकल, रिक्षा यांना मज्जाव. ताशी १२० नं जाणाऱ्या गाड्यांमधे त्यांनी जाऊही नये, ते बरोबरच आहे. आमच्या शेतकऱ्यांसाठी तो एक उंच बांध आहे, त्याच्या खालच्या बोगद्यातून बंडी जाते. २०१८ मधे नागपूर ते वर्धा ब्रॉडगेज मेट्रोचीही घोषणा झाली, तेव्हा सेलूत दोन दिवस चहाच्या टपरीवर मेट्रोच चालली. मी त्या वेळी काकांना विचारलं, मेट्रो आली तर सायकली कुठे लावायच्या? ते म्हणाले, ‘तुमी मेट्रो तं आणा, मी पत्रे आणतो.’ नागपूरच्या मेट्रोत सायकल डब्यात नेऊ देतात, हे सांगितल्यावर मात्र त्यांचा चेहरा पडला. साहजिक आहे, त्यांच्या धंद्यावरच घाला.

हॉलंडमधे रेल्वेनं जाणारे जवळपास निम्मे लोक घरून स्टेशनपर्यंत सायकलनं येतात. उत्रेख्त शहराच्या स्टेशनाखाली तीन मजली सायकल स्टँड आहे, २०१९ मधे पुरा झाला. साडेबारा हजार सायकली मावतात. आणि उतरण्याच्या गावी जुनी, फारशी कोणी चोरणार नाही अशी दुसरी सायकल ठेवून देण्याची पद्धत तिकडे सर्रास आहे. हे वाचल्यावर माझी लेडीज सायकल मला एकदम युरोपियन वाटायला लागली. पण तिकडची हवा, तिकडचा सपाट प्रदेश, तिकडचे पैसे हे सगळं सोडलं तरी एक गोष्ट डोक्यातून जात नाही: त्यांनी स्टेशन बांधताना सायकलचा विचार स्टेशनातच केला. आमच्याकडे सायकल स्टँड असतो कोणा काकाच्या जिवावर, कुंपणाच्या बाहेर.

आपल्याकडे विचार अगदीच झाला नाही असंही नाही. मानव विकास कार्यक्रमात राज्यातल्या १२५ मागास तालुक्यांमधे शाळकरी मुलींसाठी निळ्या बस आल्या, आणि शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या गरजू मुलींना सायकली मिळाल्या. लांबच्यांना बस, जवळच्यांना सायकल. कोणा हुशार अधिकाऱ्यानं नकाशावर ते वर्तुळ काढलं असणार, आणि त्याला माझा मनापासून नमस्कार. फक्त मला वाटतं, दोन्ही गोष्टी एकाच मुलीलाही हव्या असतात.

बाबांच्या काळात हा जोड वेगळ्या तऱ्हेनं होता. एस.टी.ची पहिली बस १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला गेली, तेव्हा वर्धा मध्यप्रांतात होतं. इकडे लाल गाडी रुळायला पुढची काही वर्षं गेली. पण मला आठवतात त्या बसना मागे लोखंडी शिडी आणि वर टप असे. बाबा सायकल खांद्यावर घेत, शिडीच्या चौथ्या पायरीपर्यंत चढत, वरचा हमाल हँडल धरून ओढून घेई, आणि वाहक सामानाचं तिकीट फाडे. पोत्यांच्या आणि कोंबड्यांच्या खुराड्यांच्या शेजारी ती सायकल आडवी पडून बाजाराला जाई. मी खाली उभा राहून चाक फिरताना बघत असे. बस सुटली तरी वाऱ्यानं ते फिरतच असे.

ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीला एस.टी. कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि तो एप्रिल २०२२ पर्यंत लांबला. त्या काळात मी काळी-पिवळीतून, कोणाच्या मोटारसायकलवर मागे, असा जात राहिलो. स्टँड ओस पडला. तेव्हा लक्षात आलं, की सायकल आपली, रस्ता आपला, पाय आपले, पण बस नाही तर सायकल तीन किलोमीटरांत संपते. काका रोज येऊन खुर्ची टाकून बसत. संप मोडावा असं ते एकदाही म्हणाले नाहीत. त्यांचा पुतण्या वाहक होता. एप्रिलात पहिली गाडी स्टँडात शिरली तेव्हा ते खुर्चीवरून उठले नाहीत, फक्त पुठ्ठे कापायला घेतले.

अलीकडे वर्ध्याच्या सायकलीला एक नवीन सवारी लागली आहे. केळझरकडची एक मुलगी पोलीस भरतीची तयारी करते. सकाळच्या पहिल्या बसनं येते, मैदानावर सरावाला जाते आणि मग बसस्थानकाजवळच्याच कॉलेजात तिचे तास असतात. मैदान लांब, रिक्षाचे पैसे रोज कुठले? आत्याबाईंकडे ही सायकल साडेनऊपर्यंत नुसती उभी असते, हे तिला शेजारणीकडून कळलं. आत्याबाईंनी आधी तिला उडवून लावलं. ‘धावाले जाते नं पोरगी, मंग धावतच जाय म्हणा!’ असं मलाही ऐकवलं. मुलगी शांतपणे म्हणाली, ‘आजी, धावल्याचं तिथं मोजतात, इथलं कोण मोजणार?’ आत्याबाईंना उत्तर आवडलं. त्या दिवसापासून तिलाही चहा सक्तीचा झाला.

मी साखळीच्या कुलपाची दुसरी किल्ली करून दिली. पंक्चरचा खर्च निम्मा-निम्मा, तेलपाणी तिच्याकडे, कारण ते तिला माझ्यापेक्षा बरं जमतं. साडेनऊला मी अंगणात शिरतो तेव्हा सायकल झाडाखाली आलेली असते आणि चेन पुसलेली असते. भांडण फक्त सीटचं आहे. ती माझ्याहून चार बोटं उंच निघाली. ती सीट वर करते, मी खाली करतो, आणि पाना कुठे ठेवायचा यावर अजून एकमत नाही. सध्या तो आत्याबाईंच्या ताब्यात आहे आणि चहा संपल्याशिवाय त्या तो देत नाहीत.